एक ना धड, भाराभर ध्येयं



बागबाजारात राहायला आलो तेव्हा घराजवळच्या एका गल्लीची पाटी वाचून मी थबकले होते. ‘मराठा डिच लेन’. उत्तर कोलकात्याच्या जुन्या वस्तीत मराठ्यांचं नाव! शेजारच्या मासीमांनी हसत हसत खुलासा केला. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालवर चालून आले. इथले लोक त्यांना ‘बर्गी’ म्हणत. त्यांच्या धास्तीनं कोलकात्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल झाला आणि काम थांबलं. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. आज तिथून बस धावतात.

ही गोष्ट सांगून मासीमा आमच्या चिरंजिवांकडे पाहत म्हणाल्या, “आणि हा आमचा छोटा बर्गी!” तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्यांच्या जिन्यावरून सातव्यांदा खाली-वर करत होता. त्यांच्या बोलण्यात माया होती. पण मला आतून काहीतरी टोचलं, कारण त्याच महिन्यात आमच्या हातात डॉक्टरांचा कागद आला होता. त्यावर एडीएचडी लिहिलेलं होतं.

थेरपिस्टनं पहिल्या भेटीत सांगितलं, “पुढच्या वेळी येताना ध्येयं लिहून आणा. काय बदलायला हवं आहे, ते.” मी रात्री जागून चौदा ध्येयं लिहिली. लक्ष द्यायला शिकेल. शांत बसेल. वस्तू हरवणार नाही. उलट बोलणार नाही. अक्षर सुधारेल. गणितात ऐंशीच्या वर मार्क. मित्रांशी भांडणार नाही. असं बरंच काही. ती वही परवा कपाट आवरताना सापडली. वाचताना मला तो खंदकच आठवला. भीतीपोटी आखलेला, सात मैलांचा, आणि आमच्या घरात तर तीन मैलही न झालेला.

आजचा लेख या ध्येयांबद्दल आहे. तुमच्या घरात एडीएचडी असलेलं मूल असेल, थेरपी सुरू झाली असेल किंवा होणार असेल, तर “ध्येय काय ठेवायचं?” हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, एवढाच हेतू.

आधी हे मान्य करू या

एडीएचडी म्हणजे खोडकरपणा नव्हे, आणि आईबापांच्या लाडाचा परिणामही नव्हे. निदान करताना डॉक्टर काही गोष्टी पाहतात. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, किमान सहा महिने टिकून आहेत का, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात का. त्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येतो का, हेही पाहतात. काही मुलं धावती-बोलती असतात. काही, विशेषतः बऱ्याच मुली, गप्प बसून खिडकीबाहेर हरवलेल्या असतात आणि म्हणूनच उशिरा ओळखल्या जातात.

२००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूची चित्रं अनेक वर्षं घेत राहिले. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी गाठते तो टप्पा एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास आला. क्रम तोच होता, वेळ उशिराची होती. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. माझा नऊ वर्षांचा मुलगा दप्तराच्या बाबतीत सहा वर्षांच्या मुलासारखा का वागतो, याचं उत्तर निदान विचार करण्याजोगं तरी मिळालं.

दुसरी गोष्ट. या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं. विचारून पाहा, घडाघडा सांगतील. अडतं ते ठाऊक असलेलं नेमक्या क्षणी करण्यात. म्हणून उपदेशाचा उपयोग होत नाही, आणि म्हणूनच ध्येय उपदेशाच्या भाषेत लिहून चालत नाही.

दगडाला जमेल ते ध्येय नव्हे

माझ्या यादीवर थेरपिस्टनं पहिली रेघ ‘शांत बसेल’वर मारली. वर्तनशास्त्रात ऑग्डेन लिंडस्ली नावाच्या अभ्यासकाची एक कसोटी प्रसिद्ध आहे. जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपली ध्येयं त्या कसोटीला लावून पाहा. हलणार नाही, बोलणार नाही, ओरडणार नाही, हरवणार नाही. हे सगळं दगडालाही जमतं. मुलानं काय करू नये हे सांगितलं, की त्याऐवजी काय करावं ही जागा रिकामीच राहते.

मग तेच उलटून लिहायचं. ‘वर्गात मध्येच बोलणार नाही’ याऐवजी ‘बोलायचं असेल तेव्हा हात वर करेल’. ‘वस्तू हरवणार नाही’ याऐवजी ‘शाळेतून निघताना कंपास, डबा, पाण्याची बाटली या तीन गोष्टी दप्तरात आहेत का ते हात लावून पाहील’. ‘उलट बोलणार नाही’ याऐवजी ‘राग आला की गॅलरीत जाईल आणि पाच मिनिटांनी परत येईल’.

‘लक्ष देईल’ हेही ध्येय नाही. लक्ष डोळ्यांना दिसत नाही, मोजता येत नाही. त्या लक्षामुळे काय पुरं व्हायला हवं ते लिहा. गणिताची पाच उदाहरणं, एका बैठकीत, उठायचं तर एकदाच. हे दिसतं, मोजता येतं, आणि मुख्य म्हणजे मुलालाही कळतं, की आपलं झालं.

आधी आठवडाभर नुसतं मोजा

ध्येय लिहिण्याआधी एक आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद करा. आमच्याकडे सर्वांत मोठी लढाई सकाळी व्हायची. स्कूलबस खाली उभी, आणि आमचे साहेब वही शोधतायत. मी पाच दिवस फक्त लिहिलं. दप्तर आदल्या रात्री भरलेलं होतं का? पाचपैकी एकदा. तो एकदा कधी? ज्या रात्री लाइट गेली होती, टीव्ही बंद होता आणि करायला दुसरं काही नव्हतं. एवढ्या एका नोंदीनं मला महिनाभराच्या चिडचिडीपेक्षा जास्त शिकवलं.

बागबाजारात बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदितांनी १८९८ साली मुलींची शाळा सुरू केली. त्या इंग्लंडमध्ये शिक्षिका होत्या. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांवर त्यांची शिकवण्याची पद्धत घडली होती. मूल आज जिथं आहे, जे पाहतं, जे हाताळतं, तिथूनच पुढे जायचं, हा त्या विचाराचा गाभा. त्या गल्लीतून भाजी घेऊन येताना मला पुष्कळदा वाटतं, की आपली ध्येयं मात्र मूल आज जिथं आहे तिथून निघत नाहीत. ती शेजारच्या मुलापासून निघतात.

तर पाचपैकी एकदा ही आपली सुरुवात. आता ध्येय पाचपैकी पाच ठेवायचं नाही. पाचपैकी तीन ठेवायचं. शाळकरी मुलांसाठी ‘रोजचं प्रगती कार्ड’ ही पद्धत जगभर वापरतात. त्यात तीन-चारच गोष्टी असतात, आणि प्रत्येकीची पातळी अशी ठेवतात की मुलाला बहुतेक दिवशी ती गाठता यावी. जमलं की पातळी थोडी वर. सुरुवातीलाच रोज हरणारं मूल कार्डच फाडून टाकतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

पाच पायऱ्यांचा तक्ता

थेरपीत ध्येय मोजण्याची आणखी एक जुनी रीत आहे. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ साली ती मांडली. ‘जमलं’ आणि ‘नाही जमलं’ अशा दोनच कप्प्यांऐवजी त्यात उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या असतात. आमचा दप्तराचा तक्ता असा होता:

उणे दोन: आठवड्यात एकदाही रात्री दप्तर भरलं नाही.
उणे एक: एक-दोनदा भरलं. (आज आपण इथं आहोत.)
शून्य: तीनदा, एका आठवणीनंतर. (सहा आठवड्यांत इथं पोचायचं.)
अधिक एक: चारदा, एका आठवणीनंतर.
अधिक दोन: पाचही दिवस, यादी पाहून, कुणी न सांगता.

या तक्त्याचा फायदा पालकांना जास्त होतो. उणे दोनवरून उणे एकवर आलं तरी ती हालचाल दिसते. एरवी आपण म्हटलं असतं, “अजून कुठं जमतंय?”

आणि ध्येयं किती? एका वेळी एक, फार तर तीन. माझी चौदा होती. मराठीत म्हण आहेच, एक ना धड, भाराभर चिंध्या.

जिथं अडतं तिथंच उपाय

थेरपीच्या खोलीत, मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, मूल सगळं छान करतं. पण दप्तर रात्री नऊला भरायचं असतं, घरी. म्हणून मदत त्या जागी आणि त्या क्षणी लागते. यादी फ्रीजवर लावू नका, दप्तराच्या वर भिंतीवर लावा. ‘जेवणानंतर’ हा शब्द ढोबळ आहे. ‘ताट ओट्यावर ठेवलं, की दप्तर’ हे नेमकं आहे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘अमुक झालं की तमुक’ पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरही ते तपासून पाहिलं गेलं आहे. नुसतं ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा हे बरं लागू पडतं, कारण आठवण ठेवण्याचं काम ताट करतं.

शाबासकीही तिथल्या तिथे हवी. ‘वार्षिक परीक्षेत चांगले मार्क मिळाले तर सायकल’ हे या मुलांसाठी पुढच्या जन्मीच्या वचनासारखं आहे. दप्तर भरलं, टिक केली, दहा मिनिटं बाबांबरोबर कॅरम. आमच्याकडे एवढं पुरलं.

भाषेचंही एक सांगते. आपल्यासारख्या घरात मराठी, गल्लीत बंगाली, बसमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. “एवढ्या भाषांनीच पोरगं गोंधळलंय, मराठी बंद करा,” असा सल्ला तुम्हालाही मिळेल. अनेक भाषांमुळे एडीएचडी होत नाही. घरची भाषा सोडू नका. फक्त कार्ड एकाच भाषेत लिहा, मुलाला जी वाचायला सर्वांत सोपी जाते तिच्यात.

औषधाचं काय?

हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा असतो, लेख वाचून नव्हे. तरी चित्र माहीत असावं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वप्रथम पालकांचं प्रशिक्षण. सहा ते बारा वयात औषध आणि वर्तनोपचार दोन्ही, शाळेच्या सहकार्यासह. त्यापुढे किशोरवयात औषध द्यायचं तर मुलाची स्वतःची संमती घेऊन.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ५७९ मुलांवर १४ महिने निरनिराळे उपचार करून पाहिले. चंचलता आणि लक्ष यांसारख्या मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळून दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा काहीशी कमी पुरली, आणि आईवडिलांशी नातं यासारख्या बाबतीत त्यांना जास्त फायदा दिसला. म्हणजे औषधानं बसणं सोपं होऊ शकतं. बसून काय करायचं हे मात्र ध्येयानंच ठरतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना संकोच नको. बागबाजारापासून जवळच असलेल्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, तेव्हाच्या कारमायकेल कॉलेजात, डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. भारतातल्या सर्वसाधारण रुग्णालयातला तो पहिला. मन दुखलं तर ताप-खोकल्याच्याच रुग्णालयात जावं, ही गोष्ट या भागात नव्वद वर्षांची जुनी आहे.

किशोरवयात पेन त्यांच्या हातात

आता थोडं अवघड. मुलगा नववीत गेला तेव्हा थेरपिस्टनं मला खोलीबाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं आत बोलावलं. माझ्या जुन्या यादीतलं त्याला काय आठवतं असं त्यांनी त्याला विचारलं होतं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आई, त्या यादीत मला आवडतं असं एकही काही नव्हतं. सगळं तुम्हाला नको असलेलं होतं.”

पाच वर्षं आम्ही दोघंही झटत होतो, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तुला काय हवंय. मला त्या खुर्चीवर रडू आलं. तो बिचारा मलाच पाणी आणायला गेला.

त्याला काय हवं होतं? पाड्यातल्या दुर्गापूजेत मोठ्या मुलांबरोबर स्वयंसेवक व्हायचं होतं. आदल्या वर्षी दोनदा उशिरा पोचल्यामुळे त्याला घरी पाठवलं होतं. त्यानं आम्हाला ते सांगितलंसुद्धा नव्हतं. पूजेच्या दिवसांत बागबाजारची गर्दी तुम्ही पाहिली असेल तर त्या बिल्ल्याचं मोल तुम्हाला कळेल. मग ध्येय ठरलं, त्याच्या शब्दांत: ‘ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी मंडपात.’ घड्याळात दोन गजर. पहिला कपड्यांचा, दुसरा जिन्याचा. सराव ऑगस्टपासून, शनिवारच्या बैठकांना. सुरुवातीला चारपैकी दोन ठेवलं होतं.

त्यानं आणखी एक अट घातली. “तू ‘आठवतंय ना?’ असं विचारणं बंद कर.” म्हणून तक्त्यावर माझंही एक ध्येय आलं. आठवण एकदाच, तीही भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवून. पहिल्या आठवड्यात मी सात दिवसांत दोनदा पास झाले. त्यानं माझ्या रकान्यात अगदी गंभीरपणे टिका केल्या. पोरांना आपण काय मागतो ते स्वतः एकदा करून पाहा. फार अवघड असतं.

किशोरवयीन मुलांबरोबर बसाल तेव्हा हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. कोणती गोष्ट सोपी झाली तर तुला बरं वाटेल? ती अडते नेमकी कुठं? त्यात आम्ही काय करणं थांबवावं?

ध्येय हललं नाही तर

सहा आठवड्यांनी तक्ता उघडा. काहीच हललं नसेल तर मुलाला बोल लावण्याआधी ध्येय तपासा. ते अर्धं करता येईल का? आठवण चुकीच्या जागी आहे का? शाबासकी शिळी झाली का? मग त्यापलीकडे पाहा. झोप पुरते का? डोळे, कान तपासले आहेत का? वाचनातच अडचण नाही ना? एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता किंवा चिंता पुष्कळदा असते, आणि तिच्यासाठी वेगळी मदत लागते. परीक्षा, सुट्टी, आजारपण या काळात घसरण होणारच. तेव्हा एक पायरी खाली या, थांबवू नका.

आणि मूल “माझा काही उपयोग नाही”, “मी नसलेलंच बरं” असं बोलू लागलं, तर तक्ते बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

या आठवड्याचं काम

एक कागद घ्या. तुमच्या मनातली सगळी ध्येयं लिहा, अगदी चौदा असली तरी. मुलाला जवळ बसवा आणि त्याला एक निवडू द्या. यादीत नसलेलं त्यानं सांगितलं तर तेच घ्या. मग आठवडाभर फक्त मोजा. बाकी कागद कपाटात ठेवा. ती पळून जात नाहीत.

तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगते. त्या वर्षी अष्टमीला तो वेळेआधी पोचला. नवमीला वीस मिनिटं उशीर झाला. दशमीला पुन्हा वेळेवर. मासीमा विसर्जनाला जाताना म्हणाल्या, “तुमच्या बर्गीनं मला गर्दीतून हात धरून गाडीपर्यंत नेलं.” आता तो अकरावीत आहे. दप्तर रात्री भरतो, बहुतेक दिवशी. आज सकाळी मात्र डबा ओट्यावरच राहिला.

पुढच्या महिन्यात झोपेबद्दल बोलू. तोवर तुमचं एक ध्येय काय ठरलं, ते जरूर कळवा.